वाडी रत्नागिरी आपली रोजची, आता दर्यावरची रत्नागिरी बघा

रंकाळाकाठ

जोतिबाच्या डोंगराला आपण कोल्हापूरकर वाडी रत्नागिरी म्हणतो. त्यामुळे "रत्नागिरीला जाऊया" म्हटल्यावर माझ्या सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "रविवार धरूनच जाऊया न्हवं?" त्यांना समुद्राकडची रत्नागिरी म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, "मग गणपतीपुळं म्हण की."

इथंच सगळं आलं. कोल्हापूरकरांना रत्नागिरी म्हणजे गणपतीपुळे. मी स्वतः गेली पंधरा वर्षं हेच करत आले. आंबा घाट उतरायचा, साखरपा, पाली, हातखंबा, मग निवळीला डावीकडे वळून जाकादेवीमार्गे थेट पुळे. दर्शन, मोदक, पाण्यात पाय, परत. हातखंब्यापासून रत्नागिरी शहर फार तर तेरा-चौदा किलोमीटर, पण तिकडं गाडी कधी वळली नाही. मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून ही गोष्ट जास्तच लागली मनाला. या दिवाळीच्या सुट्टीत ठरवून दोन दिवस फक्त शहराला दिले. सासूबाई, मी आणि बारा वर्षांचा मुलगा.

पहिल्यांदा थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ ला इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला आणि राण्यांना बोटीत घातलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. आधी बंगल्यांत राहिला, राजवाडा बांधून मिळाला तो १९१० च्या सुमाराला, म्हणजे चोवीस वर्षांनी. त्यात जेमतेम सहा वर्षं राहून १९१६ च्या डिसेंबरात गेला. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. तिथं वरच्या मजल्यावर एक अर्धगोल खिडकी आहे, लाकडी कोरीव चौकट आणि त्यात रंगीत काचा. आम्ही गेलो तेव्हा ऊन तिरपं होतं आणि फरशीवर लाल-निळे तुकडे पडले होते. मुलगा त्या लाल तुकड्यात पाय ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तो राजा इथनं रोज समुद्र बघत असंल, पण बोटीत बसता येत नसंल." मी एवढी वर्षं शिकवते, पण कैदेतला राजा म्हणजे काय ते मला असं सांगता आलं नव्हतं.

आणि मला आपले चौथे शिवाजी महाराज आठवले. कोल्हापूरच्या गादीवरचा तरुण राजा, वेडा ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवला, तिथंच १८८३ ला त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागून १८८४ ला शाहू महाराज दत्तक आले, हे आपल्याकडं पोरासोरांना पाठ असतं. त्यानंतर दोनच वर्षांनी थिबा रत्नागिरीच्या बंदरात उतरला. घाटाच्या वर आणि घाटाच्या खाली एकाच काळात एकच गोष्ट चालली होती.

राजवाड्याच्या मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे, ती चुकवू नका. आणि शिवाजीनगर भागात राजाची समाधी आहे. तिथं आम्हाला विचारत विचारत जावं लागलं. सासूबाईंनी तिथं हात जोडले, मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता मुद्दा. जानेवारीत आमच्या शाळेची आठवी-नववीच्या ४५ मुलींची सहल आहे, एक मुक्काम. शाळेत गणपतीपुळे ठरल्यातच जमा आहे. मला मुख्याध्यापकांना पटवायचं आहे की रत्नागिरी शहरालाच दोन दिवस द्या. तुम्हा लोकांना माहीत असलेलं सगळं इथं लिहा. मी काय बघायचं राहिले, काय आधी, काय नंतर, मुलींना कुठं चालवायचं, कुठं नाही.

शिवाजीपेठ_पाच

ताई, मनापासून पटलं. माझीपण तीच गत, वीस वेळा पुळे आणि शहर एकदापण नाही. हा धागा वर ठेवा.

घाटवाट

बाई, या रस्त्यावर माझी गाडी आठवड्यातनं दोनदा असते म्हणून रस्त्याचं मी सांगतो.

कोल्हापूर ते रत्नागिरी १३० किलोमीटरच्या आसपास. कागदावर तीन तास, पण मुलींची बस असेल तर चार-साडेचार धरा. सकाळी साडेपाचला शिवाजी पूल ओलांडलेला असला पाहिजे. पन्हाळ्याचा फाटा, बांबवडे, मलकापूर, तिथं चहा. आंब्याला थांबू नका असं मी म्हणणार होतो, पण थांबाच. आंबा गावात दहा मिनिटं सगळ्यांना पाय मोकळे करायला लावा, मग घाट उतरा. पोट भरून घाटात बसवलं तर निम्म्या मुली आजारी पडतात. नाश्ता घाट उतरल्यावर, साखरप्याला. वर फक्त चहा-बिस्कीट. पुढच्या सीटवर ज्यांना लागतं त्यांना बसवा आणि आवळासुपारी ठेवा.

चौपदरीकरणाचं काम ठिकठिकाणी चालू असतं, वळणं बदलतात. म्हणून अंधारात घाट नको. परत येताना दुपारी दोनला रत्नागिरी सोडा म्हणजे उजेडात वर येता.

पावसाळ्यात सहल काढायचा विचार कुणी करत असेल तर करू नका. २०२१ च्या जुलैत आपल्याकडं महापूर आला तेव्हाच घाटातला रस्ता खचला होता. मी साखरप्यात दोन दिवस अडकलो होतो, ते अजून विसरलेलो नाही.

रंकाळाकाठ

घाटवाटदादा, नाश्त्याचं फार बरं सांगितलंत. मागच्या सहलीला आम्ही मलकापुरात पोहे खाऊ घातले होते आणि घाटात जे व्हायचं ते झालं.

भाट्येकर

मूळचा कागलचा, नोकरीनिमित्त रत्नागिरीत आलो त्याला बावीस वर्षं झाली. भाट्याला राहतो. हा धागा बघून फार आनंद झाला कारण आमच्याकडचे पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी "पुळ्याला कधी निघायचं?" हेच विचारतात.

तुम्ही रत्नदुर्ग कसा लिहिला नाही? का राहिला? शहराचं नाक म्हणजे तो किल्ला. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, सुमारे १२० एकर, तीन बाजूंना पाणी. बहामनी काळातला, पुढं आदिलशाहीत, मग १६७० च्या सुमारास शिवाजी महाराजांनी घेतला, नंतर आंग्र्यांच्या आरमाराचा झाला. तीन भाग ध्यानात ठेवा, म्हणजे मुलींना दाखवता येईल: भगवती देवीचं देऊळ असलेला बालेकिल्ला, खालचा पेठकिल्ला आणि तिसरा दीपगृहाचा डोंगर. बरेच लोक भगवतीचं दर्शन घेतात आणि किल्ला झाला म्हणून परत फिरतात. दीपगृहाकडं जातच नाहीत. दीपगृह १८६७ चं आहे. संध्याकाळी ठरावीक वेळेत लहानसं तिकीट घेऊन वर सोडतात, वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. वरून एका बाजूला भगवती बंदर, मिऱ्या, पांढरा समुद्र, मिरकरवाड्यातल्या लाँचेसची गर्दी आणि दुसऱ्या बाजूला मांडवी, भाट्याची खाडी, पलीकडं सुरूचं बन. अख्खं शहर नकाशासारखं अंथरलेलं असतं. म्हणून माझं म्हणणं, पहिल्या दिवशी संध्याकाळी आधी इथं या. मग दुसऱ्या दिवशी जिथं जिथं जाल तिथं मुलींना कळतं आपण कुठं आहोत.

किल्ल्याच्या पायथ्याला भागेश्वराचं देऊळ आहे. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं. पतितपावन मंदिर ज्यांनी स्वखर्चानं उभं केलं तेच भागोजीशेठ. गरिबीतून वर आलेला रत्नागिरीचा माणूस, मुंबईत बांधकामात नाव काढलं आणि पैसा समाजाला दिला. दादरच्या स्मशानभूमीला जागा त्यांचीच.

दुसरं, समुद्र बघायचा तर भरती-ओहोटी बघून वेळ ठरवा. इथले जुने लोक घड्याळाआधी तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या दरम्यान भरती आणि सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास ओहोटी. अर्धा-पाऊण तास पुढं-मागं होतं, पण सहल ठरवायला पुरतं. मुलींना संध्याकाळी रुंद, मोकळी वाळू मिळावी असं वाटत असेल तर पौर्णिमेच्या आसपासचे दिवस घ्या. अष्टमीला आलात तर संध्याकाळी लाटा वरपर्यंत आलेल्या असतील.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही फलकावर नाही. मांडवीची वाळू काळी आहे आणि तिथून जवळच पांढऱ्या समुद्राची वाळू पांढरी. एकाच शहरात, एकाच दर्याला. काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं जड खनिज आहे. ओली काळी वाळू तळहातावर घेऊन उन्हात धरली की चमकते. मुलींच्या विज्ञानाच्या बाईंना बरोबर घ्या.

काजूगर

मांडवीची संध्याकाळ सांगायची राहिली की. जेटीवर बसायचं, समोर किल्ला, दीपगृहाचा झोत फिरायला लागतो. आमच्या लग्नानंतरची पहिली सहल ती.

वाचनमंदिर

मी आपल्या करवीर नगर वाचन मंदिराचा जुना सभासद. आपलं वाचन मंदिर १८५० चं, याचा आपल्याला अभिमान आहेच. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे. मराठी मुलखातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी. बाई, मुलींना दहा मिनिटं तिथं न्या. बंदराच्या गावात त्या काळी माणसं पुस्तकासाठी वर्गणी काढत होती हे त्यांना कळू द्या.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान तर हवंच. २३ जुलै १८५६ चा जन्म. मी सांगतो ते घर बघायला जा म्हणून, स्मारक बघायला म्हणून नको. कौलारू छप्पर, लाकडी खांब, बाजूला माड, विहीर. आपल्याकडच्या वाड्यापेक्षा किती वेगळं! आपला वाडा चौक आत ठेवून बाहेर भिंत दाखवतो, कोकणातलं घर ओटी-पडवीनं बाहेरच उघडतं. पावसाच्या धारेपासून भिंत वाचवायची म्हणून छपराच्या वळचणी किती खाली आणल्यात ते मुलींना हात वर करून बघायला सांगा.

पतितपावनबद्दल एक धागा आपल्या गावाशी जुळतो. सावरकर रत्नागिरीत आधी तुरुंगात आणि मग १९२४ ते १९३७ स्थानबद्धतेत होते. देवळं सगळ्यांना खुली करायची चळवळ तिथं चालली. जुन्या देवळांत विरोध झाला तेव्हा सगळ्यांसाठीच नवीन मंदिर बांधायचं ठरलं आणि २२ फेब्रुवारी १९३१ ला लक्ष्मी-नारायणाची स्थापना झाली. त्या कामात शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी होते, आणि ते आपल्या करवीर पीठाचे. शाहू महाराजांच्या गावातल्या मुलींना हे मंदिर दाखवताना, महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर जिथं एकत्र आले त्या माणगाव परिषदेची, १९२० ची आठवण करून द्या. एवढं सांगितलं की मंदिर पाच मिनिटांत बघून होत नाही.

रंकाळाकाठ

सर, कुर्तकोटींचं लक्षातच आलं नव्हतं. मी त्या मंदिरात उभी राहून आले, नावही वाचलं आणि करवीर पीठाशी जोडलं नाही. आजच वहीत लिहून घेतलं.

भाट्येकरदादा, रत्नदुर्ग राहिला कारण सासूबाईंचे गुडघे. मी एकटी भगवतीपर्यंत जाऊन आले पण दीपगृह नाही. मुलींना काही अडचण नाही, पण बरोबरच्या एक बाई साठीच्या आहेत. पायऱ्या कितपत आहेत?

भाट्येकर

भगवतीकडं गाडी बरीच वर जाते, मग दगडी पायऱ्या. थांबत थांबत साठीची बाई सहज चढेल. दीपगृहाच्या आतला जिना मात्र गोल आणि अरुंद. त्यांना खाली बाकावर बसवा, समोर समुद्र आहेच.

सर्जेकोट

मी थोडा विरोधात लिहितो, राग मानू नये.

कोल्हापूरच्या मुलींना समुद्रावरचा इतिहास दाखवायचा असेल तर मालवण. सिंधुदुर्ग १६६४ ला बांधायला घेतला, १६६७ ला पुरा झाला. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, ते राजाराम महाराजांनी बांधलं आणि कोल्हापूरच्या गादीचा त्याच्याशी संबंध आजही आहे. करवीर राज्याचं स्वतःचं आरमार होतं, ते मालवणातून चालायचं. १७६५ ला इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, पण ते टिकलं नाही, किल्ला परत करवीरकरांकडं आला. शेवटी १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांना द्यावं लागलं. कोल्हापूरला समुद्र होता, आणि तो आपल्या हातून गेला, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? थिबाची गोष्ट हृदयाला भिडते, खरं आहे. पण ती दुसऱ्याच्या राजाची गोष्ट आहे.

रंकाळाकाठ

राग कशाचा? तुम्ही लिहिलेलं एकूण एक मला शिकवायला हवं आहे आणि शिकवीन. करवीरचं आरमार हा विषय आमच्या पुस्तकात जवळजवळ नाही, याचं मलाही वाईट वाटतं.

पण दोन कारणांनी मी रत्नागिरीवर ठाम आहे. एक, सिंधुदुर्गात जायला होडी लागते आणि ४५ मुली होडीतून न्यायची जबाबदारी मी घेणार नाही. रत्नदुर्गावर पायी जाता येतं. दुसरं, थिबाची गोष्ट दुसऱ्याच्या राजाची असली तरी तो रत्नागिरीत तीस वर्षं राहिला. त्याची धाकटी राणी इथं गेली, थोरल्या राजकन्येची मुलगी इथं वाढून इथलीच झाली. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला नेऊन ठेवला, तिथंच १८६२ ला गेला, आणि रंगूनकडचा राजा रत्नागिरीत आणला. माणसाला त्याच्या मातीपासून तोडलं की राज्य आपोआप सुटतं, हे इंग्रजांना कळलं होतं. चौथ्या शिवाजी महाराजांचं तेच केलं. मुलींना हे समजलं तर १८१२ चा तहपण समजेल.

सर्जेकोट

पटलं. पुढच्या वर्षी मालवण, शब्द द्या.

रंकाळाकाठ

दिला.

माहेर_मलकापूर

मी सहसा लिहीत नाही, पण मुलींची सहल वाचलं म्हणून लिहिते आहे.

सात वर्षांपूर्वी आम्ही घरचे अकरा जण त्याच किनाऱ्यावर, आरे-वारेच्या बाजूला उतरलो होतो. माझा धाकटा भाऊ पंचगंगेत पोहून वाढलेला, पट्टीचा पोहणारा. गुडघाभर पाण्यात उभा होता. एक लाट आली, परत जाताना पायाखालची वाळू घेऊन गेली, आणि तो दिसेनासा झाला. किनाऱ्यावरच्या दोन माणसांनी दोर टाकून त्याला ओढून काढलं. जिवंत आहे, देवाची कृपा. पण त्या दिवसापासून माझ्या आईनं समुद्राचं नाव घेतलेलं नाही.

आपल्या लोकांना नदी माहीत आहे. नदी एका दिशेनं ओढते. समुद्र आत ओढतो. आपल्याला पोहायला येतं ही हिंमतच तिथं घात करते. बाई, मुलींना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका. हात जोडून सांगते.

भाट्येकर

ताईंचं अक्षर न् अक्षर खरं आहे. ओहोटी लागलेली असताना धोका सगळ्यांत जास्त. लाटा फुटताना दिसतात तिथं माणूस जात नाही, मधेच एक पट्टा शांत दिसतो तिथं जातो. तो शांत पट्टा म्हणजे किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जायची वाट. तिथंच ओढ असते. कुणी सापडलाच तर किनाऱ्याकडं सरळ पोहायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं जायचं, ओढ संपली की मग बाहेर.

आणि स्थानिक माणूस "इथं नको" म्हणाला तर वाद घालू नये.

घाटवाट

हे वाचून अंगावर काटा आला. दरवर्षी आपल्याच बाजूच्या गाड्या रडत परत येताना बघतो मी.

रंकाळाकाठ

माहेर_मलकापूरताई, तुम्ही लिहिलंत म्हणून उपकार मानते. ठरवलं: पाण्यात कुणी जाणार नाही, फक्त ओली वाळू. वाळू दोन रंगांची आहे, तेवढं काम त्यांना पुरेल. दर नऊ मुलींमागं एक शिक्षिका. पालकांच्या पत्रात हेच लिहिणार.

कातळसडा

दुसऱ्या दिवशी दोन तास काढता येत असतील तर उक्षी. रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, जांभ्यात कोरलेली चित्रं आहेत, कातळशिल्पं. उक्षीला हत्ती आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ ला जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. पिढ्यान् पिढ्या गुराखी त्या रेषांवरून चालत होते, काही ठिकाणी गावकरी त्यांना पांडवांची चित्रं म्हणायचे. आणि हत्ती एवढा मोठा की जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेषा दिसतात, सोंड कुठली, पाय कुठला कळत नाही. थोडं लांब, उंचावर गेलं की एकदम हत्ती समोर येतो. ज्यांनी कोरला त्यांना वरून बघायची सोय नव्हती. तरी कोरला.

सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, सावली पडली की रेषा उठून दिसतात. दुपारी बाराला कातळ सपाट दिसतो आणि तापतोही. बूट घालूनच या, पण चित्रावर पाय नको.

शिवाजीपेठ_पाच

मासळीचं कुणी बोलेना म्हणून विचारतो. कुठं खायचं?

काजूगर

हॉटेलांची नावं मी सांगणार नाही, चव बदलत राहते. पण सकाळी मिरकरवाडा बंदरावर जा. लाँच लागतात, टोपल्या उतरतात, लिलाव पुकारतात, बर्फाचा चुरा पायाखाली. सुरमई, बांगडा, पापलेट, कोळंबी, आणि आपण कधी न बघितलेले दहा प्रकार. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हे दिसत नाही.

कोल्हापूरकरांना सांगणं, तिथं तांबडा-पांढरा शोधू नका. बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, भात, वर सोलकढी. आपल्यासारखं झणझणीत नसतं. नारळ आणि आंबट पुढं असतं, तिखट मागून येतं. शाकाहारी मुलींना आंबोळी, मोदक. ओल्या काजूची उसळ मात्र जानेवारीत मिळेलच असं नाही, ती फेब्रुवारी-मार्चची.

राहण्याबाबत एक अनुभव सांगते. आम्ही एका ठिकाणी फोनवर दर ठरवून गेलो, पोहोचल्यावर रात्री नऊला दर वाढवून सांगितला. लहान मूल कडेवर होतं, देणं भाग पडलं. ४५ मुली घेऊन असं व्हायला नको, सगळं लेखी घ्या आणि आगाऊची पावती घ्या.

मंगळवार_पेठ

शालेय सहलीला एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत आहे, आगारात शाळेचं पत्र द्यावं लागतं. परवानगीचे कागद शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून महिनाभर आधी. आणि सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, राजवाड्यात तेच आहे, तो त्या दिवशी धरू नका.

रंकाळाकाठ

हा अख्खा धागा छापून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. माहेर_मलकापूरताईंचं त्यांनी दोनदा वाचलं. शेवटी म्हणाले, "पुळ्याचं दर्शन पुढच्या खेपेला. शनिवार-रविवार काढा, पौर्णिमेच्या जवळचा." तिथीचं गणितपण वाचलं होतं म्हणायचं.

भाट्येकर

या. रत्नदुर्गाच्या पायथ्याला मी उभा असेन.

रंकाळाकाठ

जाऊन आलो. परवा रात्री आठला ४५ च्या ४५ जणी शाळेच्या दारात उतरल्या. सगळ्यांनी एवढी मदत केलीत म्हणून सविस्तर लिहिते.

नाश्ता साखरप्याला, घाटवाटदादा. फक्त दोघींना त्रास झाला.

पहिल्या दिवशी दुपारी राजवाडा, मग समाधी. राजवाड्यात वरचा काही भाग दुरुस्तीसाठी बंद होता, त्यामुळे ती खिडकी आतून दिसली नाही. मी फार हिरमुसले. पण बाहेरून दाखवली आणि सगळ्यांना तिच्याकडं पाठ करून उभं केलं. म्हटलं, आता तो काय बघत असेल ते सांगा. खाडी, पूल, माड, होड्या, मग एकीनं सांगितलं, "बाई, घराकडं जायची दिशा." समाधीपाशी आणखी एकीनं विचारलं, त्याला परत का नेलं नाही? मी सांगितलं की मोठी राणी १९१९ ला रंगूनला परत गेली, पण राजा इथंच राहिला. आणि २०१२ ला त्यांच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष इथं येऊन वाकून गेले. तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे कुणीतरी विसरलं नव्हतं."

संध्याकाळी दीपगृह. भाट्येकरदादा खरंच उभे होते, बरोबर काकूंनी आंबावडीचे दोन डबे आणले होते. त्यांनी वरून एकेक जागा दाखवली. साठीच्या बाईपण गोल जिना चढल्या, कुणाचं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी टिळक आळी. तिथं मुलींनी हात वर करून वळचण मोजली, उंच मुलींचे हात टेकले. पतितपावनमध्ये वाचनमंदिर सरांचं मी शब्दशः सांगितलं. वाचनालय रविवारमुळे बाहेरूनच. उक्षी वेळेअभावी सोडावी लागली, त्याचं वाईट वाटतंय.

शेवटी मांडवी. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. पाण्याच्या कडेला शिक्षिकांची साखळी केली, कुणी पुढं गेलं नाही. आठवीतली एक मुलगी, जिचे वडील वीटभट्टीवर कामाला आहेत आणि जिनं समुद्र पहिल्यांदाच बघितला, ती वाळूत बसून होती. घरून काचेच्या दोन बाटल्या आणल्या होत्या तिनं, झाकणांना दोरा बांधून. एकीत काळी वाळू भरली. मग मला विचारलं, "बाई, पांढरी कुठं आहे ते भाट्येकरकाकांनी वरून दाखवलं होतं, तिकडं पाच मिनिटं जाऊया का?"

बस पांढऱ्या समुद्राकडं वळवली. घाटवाटदादांचे दोन वाजून गेले होते, पण वळवली.

आज त्या दोन्ही बाटल्या वर्गाच्या खिडकीत आहेत. काळीवर ऊन पडलं की चमकते.

कातळसडा

उक्षीचा हत्ती कुठं जात नाही. मालवणला जाताना वाट वाकडी करा.

सर्जेकोट

मालवणची तारीख धरा. होडीचं आपण नीट बघू, ओळखीची माणसं आहेत.